सुभेदारांच्या घरातलं लेबनॉन

कोल्हापुरात मी ज्या घरात भाड्यानं राहिलो, त्या घराला खोल्या किती होत्या ते मला आजही सांगता येत नाही. डिप्लोमा पुरा होईपर्यंत राहिलो, आणि माझा डिप्लोमा काही लवकर पुरा झाला नाही, म्हणजे बघा. रोज त्याच जिन्यानं वर गेलो, त्याच जिन्यावरून घसरत खाली आलो. पण खोल्या किती, पायऱ्या किती, पोरं किती, काही म्हणून विचारू नका. त्या घरात मोजायला बंदी होती.

बंदी म्हणजे अशी-तशी नाही. घरमालकांना सगळी गल्ली सुभेदार म्हणायची. पायदळातून रिटायर झालेले. ते बाजारात अंडी घ्यायला जायचे तेव्हा डोक्यावरची निळी टोपी काढून अंडीवाल्यापुढं उलटी धरायचे आणि म्हणायचे, "भर हबीबी." हबीबी ही मिलिटरीतली कुठली तरी मोठी शिवी असणार असं समजून अंडीवाला मुकाट्यानं टोपी भरायचा. डॉक्टरकडं बीपी बघायला गेले की आधीच दोन्ही कानांत बोटं. डॉक्टर बिचारे हातवारे करून सांगायचे, वर गेलंय की खाली आलंय. टीव्हीवर क्रिकेट लागलं तर पडद्याच्या खालच्या बाजूला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलेली, म्हणजे धावसंख्या दिसायची नाही. भारतानं वर्ल्डकपची मॅच जिंकली की हरली हे आम्हाला गल्लीतल्या फटाक्यांवरून कळायचं. आणि आमच्या गल्लीत हरल्यावरही फटाके उडवायचे, विकत घेतलेले वाया कशाला घालवा म्हणून. त्यामुळं काही मॅचेसचा निकाल मला अजून माहीत नाही.

सुभेदारांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. मामी माहेरच्या निपाणीच्या पलीकडच्या. आम्हा सगळ्या पोरांचं जेवण त्यांच्याकडंच. भाकऱ्या बुट्टीत टाकताना त्यांचे ओठ हलायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

"मामी, मोजताय की!"

"कन्नडातलं मोजणं त्यास्नी कळत न्हाय," मामी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "त्यांच्या नादाला लागले असते तर तुम्ही निम्मी पोरं उपाशी मेला असता. गप जेव."

सुभेदार लेबनॉनला जाऊन आले होते. फौजेत असताना निळी टोपी घालून, शांतिसैनिक म्हणून. ही टोपी तीच. धुऊन धुऊन तिचा रंग जास्त नीळ घातलेल्या बनियनसारखा झालेला. तिकडून ते परत आले तरी निम्मे तिकडंच राहिले. दूधवाल्याला "यल्ला यल्ला" म्हणून पिटाळायचे. तिकडच्या हरभऱ्याच्या चटणीचं वर्णन करायचे, "आपलं पिठलंच की रं, पर गार. आनि वरनं त्याल." दारात रंगाच्या डब्यात ऑलिव्हचं झाड लावलं होतं. कोल्हापूरच्या पावसात ते दर वर्षी मरायचं आणि सुभेदारांच्या भीतीनं पुन्हा जिवंत व्हायचं.

खोली मागायला मी गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. ट्रंक जिन्याशी ठेवली आणि सवयीनं सांगायला लागलो, "मी गडहिंग्लजचा. आमचं आडनाव..."

"आडनाव नगं!" सुभेदार गरजले. समोरच्या घरातली मांजर कौलावरून पडली. "गाव नगं, वाडी नगं, कुणातला ते तर मुळीच नगं. कुठली गाडी धरून आलास तेवढं सांग."

"एसटी."

"मग एसटीवाला. जा वर."

घरात आमच्या तीन जमाती होत्या, आणि त्या अशा गाडीवरून पडल्या होत्या. गडहिंग्लज लायनीचे ते एसटीवाले. हातकणंगल्याहून रेल्वेनं येणारे ते रेल्वेवाले. आणि पेठ वडगावहून जीपच्या टपावर बसून, वडापनं येणारे ते वडापवाले. सुभेदारांना आमची आडनावं शेवटपर्यंत माहीत नव्हती. मात्र कोण कुठल्या गाडीचा हे ते झोपेत सांगायचे.

आता पोरं म्हटली की भांडणं आलीच. टीव्हीवरून, रविवारच्या मटणावरून, बाथरूमवरून. यावर सुभेदारांनी घरात लेबनॉनची घटना लागू केली होती. नवीन पोरगा आला की त्याला ओसरीवर बसवून ते ती समजावून सांगायचे.

"बघ, लेबनान म्हंजे केवढा देश? आपल्या जिल्ह्याच्या दीडपट बी भरायचा न्हाय. पर त्यात लोक अठरापगड. अठराच, बरोब्बर!" हा आकडा त्यांच्या तोंडून माझ्यादेखत एकदाच निसटला, आणि त्या दिवशी त्यांनी उपास धरला. "समदे एकमेकांच्या उरावर. मग शाण्यांनी काय केलं? खुर्च्या वाटून टाकल्या. राष्ट्रपती व्हणार तो मारोनी किरिस्तावच. पंतप्रधान सुन्नीच. सभापती शियाच. निवडणुकीत कोण बी जिंकू दे, खुर्ची हलायची न्हाय. आनि लोकांची मोजणी एकदाच केलीया, तुझा आज्जा जन्माला यायच्या आधी. त्यानंतर न्हाय. कोण किती हायत ते कुणाला ठावं न्हाय. भांडण काढायचं तर आकडा पायजे की! तो आणायचा कुठनं?"

तर आमच्या घरातही तसंच. टीव्हीचा रिमोट ज्याच्या हातात तो राष्ट्रपती, आणि तो एसटीवालाच असणार. रविवारी तांबड्या रश्शात काय घालायचं, मटण का कोंबडी, हे ठरवणारा पंतप्रधान, तो रेल्वेवाला. आणि बाथरूमची किल्ली सांभाळणारा सभापती, तो वडापवाला. घटना लागू झाली तेव्हा घरात एसटीवाल्यांची झुंबड होती म्हणे. पुढं गडहिंग्लजलाच कॉलेजं निघाली आणि ती लाईन आटली. मी गेलो तेव्हा गडहिंग्लजचा अख्खा समाज म्हणजे मी होतो. आणि मी राष्ट्रपती होतो.

खोटं कशाला सांगू, राष्ट्रपतिपद मला मानवलं. रेल्वेवाले व्हरांडाभर. त्यांना कुस्त्या बघायच्या असायच्या, आणि मी रिमोट हातात धरून मासे पाळण्याचा कार्यक्रम लावायचो. रेल्वेवाल्यांचा पुढारी सागर. याचा गळा असा की हातकणंगले स्टेशनात गाडीनं भोंगा दिला नाही तरी चालायचं. तो दात खाऊन म्हणायचा, "लेका, तू एकटा हायस! एकटा!"

"मोजू नगंस," मी गंभीरपणे म्हणायचो.

सभापती होता शीतल. हो, पोरगाच, आमच्याकडं जैनांच्या घरात पोराचं नाव शीतल असतं आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. तो दिवस मावळायच्या आत जेवायचा आणि मटणाच्या राजकारणात त्याला काडीचा रस नव्हता. त्यामुळं घरातला तो एकमेव निःपक्षपाती पुढारी. बाथरूमची किल्ली त्याच्या करदोट्याला असायची आणि सकाळी भलेभले त्याच्यापुढं हात जोडून उभे असायचे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण सुभेदारांची एक गोष्ट हसण्यावारी जात नव्हती. ती म्हणजे लेबनॉनची खरीखुरी निवडणूक.

ती व्हायचीच नाही. तारीख यायची, आणि तिथली संसद स्वतःलाच मुदतवाढ देऊन मोकळी व्हायची. एकदा दिली, पुन्हा दिली, परत दिली. मुदतवाढीची बातमी मोबाइलवर आली की सुभेदार वर गच्चीवर जाऊन बसायचे. दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. बैरूतमध्ये संसदेनं हात वर केले की कोल्हापुरात आमचा रविवारचा रस्सा बंद. पंतप्रधान सागरसुद्धा अशा वेळी मटणाचं नाव काढायचा नाही.

एकदा मीच चहा घेऊन वर गेलो. म्हटलं, "सुभेदार, आपल्याला काय करायचंय तिथल्या निवडणुकीचं?"

त्यांनी चहा कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "इलियासचा बाबा गावाला जाईल."

इलियासचा बाबा म्हणजे त्यांचा तिकडचा दोस्त. दक्षिण लेबनॉनमधल्या एका डोंगरातल्या गावात त्याची पावाची भट्टी होती. सुभेदारांची चौकी त्या भट्टीसमोरच. दोघांची एवढी गट्टी की सुभेदार अरबी शिकायच्या आत तो कोल्हापुरी शिकला. आता तो बैरूतमध्ये राहत होता. त्याच्या पोरानं, इलियासनं, फेसबुकवर सुभेदारांना शोधून काढलं होतं, आणि दर दोन-चार महिन्यांनी फोन यायचा. फोनवर आम्ही स्वतः ऐकलंय, पलीकडून लेबनॉनचा माणूस खणखणीत आवाजात विचारायचा, "काय सुबेदार, जेवला काय?" मग दोघं पाव, पाऊस, गुडघे यावर बोलायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

"त्या देशात माणूस ऱ्हाईना का कुठं बी," सुभेदार मला म्हणाले, "मत द्यायचं ते वाडवडलांच्या गावात जाऊनच. आपल्याकडं ग्रामपंचायतीला मुंबईची मतं गाड्या भरून आणत्यात न्हवं, तसं. तिथं अख्खा देश गावाकडं पळतोय. गाव सोडल्यापासनं तो एकदा बी तिकडं गेला न्हाय. म्हणतोय, निवडणूक झाली की मत द्यायला जातो. आनि हे भाडखाव निवडणूकच घेत न्हाईत."

"गेला नाही तर काय होतंय?"

"तुला न्हाय कळायचं," सुभेदार म्हणाले आणि चहा तसाच ठेवून खाली गेले.

शेवटी एका वर्षी निवडणूक लागली. मे महिन्यातला रविवार ठरला. सुभेदारांनी निळी टोपी पुन्हा निळीत बुडवून वाळत घातली, दारातल्या ऑलिव्हला कापूर लावला. आणि नेमका त्याच आठवड्यात सागरनं घरात बंड केलं.

झालं असं की रेल्वेवाल्यांच्या तालुक्यातल्या कुठल्याशा पैलवानाची कुस्ती टीव्हीवर होती, आणि मी मासे लावून राष्ट्रपतींचा अधिकार बजावत होतो. सागर थेट ओसरीवर गेला.

"सुभेदार, लेबनानला निवडणूक होतीय. मग हितं का न्हाय? घ्या की निवडणूक!"

आम्हाला वाटलं सुभेदार भडकणार. पण त्या आठवड्यात ते खुशीत होते. म्हणाले, "घेऊया की. उभा ऱ्हाणार एसटीवाला. मतं मात्र समद्यांनी द्यायची. लेबनानची तीच रीत हाय. खुर्ची एका जातीची, मतं अठरापगडांची."

"पर एसटीवाला एकच हाय!"

"एक म्हणू नगंस."

"बरं, तो... तो हाय त्येवढा हाय. मग त्याला नको म्हणणारे आम्ही जास्त भरलो तर?"

"जास्त म्हणू नगंस."

"मग मतं मोजणार कशी?"

सुभेदारांनी जरा विचार केला. "वरडा," ते म्हणाले.

ठरलं असं की संध्याकाळी सगळ्यांनी व्हरांड्यात उभं राहायचं. मी राष्ट्रपती नको म्हणणाऱ्यांनी आधी ओरडायचं. मग हवा म्हणणाऱ्यांनी. सुभेदार खाली गल्लीच्या मध्यावर डोळे मिटून उभे राहणार आणि आवाज कुणाचा जड ते सांगणार.

आधी रेल्वेवाले ओरडले. रंकाळ्यावरचे बगळे उठले ते थेट पन्हाळ्यावर जाऊन बसले. दूध कट्ट्यावर एका म्हशीनं बादलीत सोडलेली धार माघारी ओढून घेतली. पलीकडच्या गल्लीतून माणसं पळत आली, कुणाकडं वरात आहे का बघायला. मग माझी पाळी. मी एकटा. शीतल माझ्या बाजूनं होता, पण तो जेवत होता. दिवस मावळायला आलेला. मी गडहिंग्लजच्या यच्चयावत एसटींच्या इंजिनांना स्मरलो आणि दिली आरोळी. काय आवाज लागला म्हणून सांगू! माझा स्वतःचा डावा कान आठवडाभर बंद होता.

सुभेदारांनी डोळे उघडले. "सारखंच आलं," ते म्हणाले.

"सारखं?" सागर वरून किंचाळला. "आमच्या आवाजानं समोरच्या खिडकीची काच तडकलीया!"

"व्हय, पर ह्याच्या आवाजानं ती चौकटीतनं पडली. सारखंच."

गल्ली हसली. रेल्वेवालेही हसले. पण सागरच्या डोक्यात तिडीक गेली ती गेली. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिला, हात लांब केला आणि एकेकाकडं बोट दाखवत, आपल्या त्या भोंग्याच्या आवाजात सुरू झाला.

"रेल्वेवाले. एक. दोन. तीन. चार. पाच..."

मामी स्वयंपाकघरातून परात घेऊनच बाहेर आल्या. शीतलचा घास हातात राहिला. आणि मी सुभेदारांकडं बघितलं. मला वाटलं होतं आता काठी येणार. पण माणूस रागावला नव्हता. तो गल्लीच्या मध्यावरून कसाबसा चालत आला आणि ओसरीच्या कडेला बसला. तोंड राखेसारखं झालेलं. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

सागर अकरावर थांबला. लांब केलेला हात त्यानं खाली घेतला.

"हिकडं या," सुभेदार म्हणाले. "बसा समदे." आम्ही बसलो.

"मी तवा लेबनानात हवालदार हुतो," त्यांनी सुरुवात केली. "गावात पाण्याचा टँकर यायचा. लाइन लावायचं काम माझं. मला वाटायचं, वाटणी कशी चोख झाली पायजे. आपली कोल्हापुरी खोड तर तुम्हास्नी ठावं हाय. माणूस दिसला की, पावणं कुठलं? कुणातलं? घरात किती माणसं? ह्ये इचारल्याशिवाय आपल्याला माणूस भेटल्यासारखं वाटत न्हाय. मी सकाळच्याला भट्टीवर बसायचो. गाव सगळं पाव न्यायला तिथं यायचं. येईल त्याला मी इचारायचो, आनि वहीत लिवायचो. रकाने पाडले हुते. शिया येवढे, सुन्नी येवढे, द्रूझ येवढे, किरिस्ताव येवढे. लाल शाईनं खाली बेरीज. लई देखणी वही."

"मग?" सागरनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला.

"एक दिवस वही भट्टीच्या फळीवर इसरलो. दुपारी परत गेलो तर गावात हातोहात फिरत हुती. मराठी कुणाला येतंय? पर आकडे येत्यात की. आनि रकाना कुणाचा ते वळखायला घरांच्या खुणा काढल्या हुत्या मी." सुभेदारांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली. "तोवर त्या गावात परत्येकाला वाटायचं, आपणच जास्त हाय. शियाला वाटायचं शिया जास्त, द्रूझाला वाटायचं द्रूझ जास्त. समदे खुशीत हुते. एका बेरजेनं समदी खुशी गेली. दुसऱ्या दिवशी पावाच्या लायनी वेगवेगळ्या लागल्या. सगळ्यात कमी घरं किरिस्तावांची निघाली. इलियासचा बाबा त्यातला. तो मला कवा एका शब्दानं बोलला न्हाय. चहा रोजच्यासारखा पाजायचा. पर दोन महिन्यांनी भट्टीचं शटर खाली आलं, आनि टेम्पोत सामान भरून तो बैरूतला गेला. बायको, पोरगं, समदं घेऊन."

"त्याच्या आधी तुम्ही विचारलं नाही?" मी म्हटलं. "का चाललास म्हणून?"

"त्वांड कुठलं हुतं इचारायला? आता फोन येतोय, तरी अजून न्हाय इचारलं. येवढी वर्षं झाली. तो गावाला जायचं टाळतोय ते माझ्या वहीपायी. ह्या निवडणुकीला जर का तो गेला, आपल्या भट्टीच्या दारात उभा ऱ्हायला, तर मी इचारणार हाय. न्हाय गेला, तर इचारायचं काय ऱ्हायलंच न्हाय."

सागर उठला, आत गेला आणि टीव्ही बंद करून आला. रिमोट माझ्या हातात आणून दिला. त्या दिवसापासून मी स्वतः होऊन कुस्त्या लावायला लागलो. मासे काय, कधीही बघता येतात.

तो रविवार उजाडला. आमच्या घरात त्या दिवशी जेवढा ताण होता तेवढा बैरूतमध्येही नसेल. बिचाऱ्या लेबनॉनला आपली निवडणूक कोल्हापुरातल्या एका ओसरीवर अडकलीय हे माहीतही नव्हतं. सुभेदारांनी फोन पाटावर ठेवला होता, देवासारखा. चार्जर लावलेला. त्याभोवती आम्ही सगळे. मामींनी मटण शिजवून झाकून ठेवलं होतं, पण जेवायला कुणी उठेना. शीतलनं तर बाथरूमला कुलूप लावून किल्ली बाजूला ठेवून दिली. म्हणाला, "आज कामकाज तहकूब."

दहा वाजले. अकरा वाजले. "तिकडं अजून सकाळ हाय," सुभेदार दर पाच मिनिटांनी सांगायचे. बारा, एक. आता त्यांनी सांगणं बंद केलं. सागर हळूच मला म्हणाला, "न्हाय आला तर रं?" मी म्हटलं, "गप." दोन वाजून गेले. सुभेदार उठून ऑलिव्हला पाणी घालायला गेले. त्या दिवशी त्याला त्यांनी पाचव्यांदा पाणी घातलं.

आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

सागरनं असा काही सूर मारला की गोलकीपरनं बघून शिकावं. पडद्यावर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग कुणाचा तरी कान, मग एक म्हातारा. टक्कल, पांढऱ्या मिशा, आणि कॅमेऱ्यापुढं नाचवलेला अंगठा. अंगठा पार निळाजांभळा, शाईत बुडवून काढलेला.

"काय सुबेदार! जेवला काय?"

"तू कुठं हायस?" सुभेदारांचा आवाज चिरकला.

"गावात की!" म्हाताऱ्यानं फोन गरकन फिरवला. चढाची गल्ली, गाड्यांची रांग, झेंडे, कर्णे, बायका, पोरं. माणसं एकमेकांना मिठ्या मारतायत, त्याच दमात एकमेकांवर ओरडतायत. अगदी आपली जत्रा. फोन फिरत फिरत एका शटरपाशी थांबला. शटर गंजलेलं. म्हाताऱ्यानं कुणाला तरी हाक मारली, दोघांनी मिळून ते वर रेटलं. आत अंधार, आणि अंधारात भट्टीचं काळं तोंड. फळीवर कुणीतरी टायर रचून ठेवले होते.

आम्ही सुभेदारांकडं बघितलं. त्यांनी टोपी नीट केली. सावधानमध्ये उभे राहिले. फौजेत वरिष्ठांपुढं उभं राहावं तसे.

"इलियासच्या बाबा," ते म्हणाले. "एक इचारतो. खरं सांग. तू गाव सोडलंस ते माझ्या वहीपायी न्हवं?"

म्हाताऱ्यानं फोन पुन्हा आपल्याकडं वळवला. मागं कर्णे वाजत होते.

"कसली वही?" म्हातारा म्हणाला.

"ती... मोजणीची. माझी."

"वही न्हाय म्हाईत मला." म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्यानं तो शाईचा अंगठा डोळ्यांना लावला, गाल निळे झाले. "सुबेदार, घरात भांडण! माझी बायको आणि माझी आई. रोज! रोज! बायको बोलली, तुझी आई नायतर मी. मग काय करणार? बायकोला घेऊन बैरूतला पळालो. वहीनं कोण गाव सोडतंय? सासूनं सोडतंय!"

ओसरीवर असा काही हशा उसळला की शेजारचे धावत आले. सागरनं शिट्टी मारली. मामी पदरात तोंड घालून हसत होत्या. तिकडं म्हाताऱ्याला कुणीतरी हाक मारली, तो "जातो, जातो, जेवा तुम्ही" म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

"सुटला की सुभेदार!" सागर ओरडला. "वहीचं काय न्हवतंच! उगं येवढी वर्षं जिवाला घोर! मामी, वाढा!"

सुभेदार हसत नव्हते. ते खाली बसले होते, फोनकडं बघत. मग हळू आवाजात, कुणाला म्हणून नाही, म्हणाले, "त्याची आई तो गाव सोडून जायच्या आदल्या थंडीतच वारली हुती. वही मी त्यानंतर सुरू केली. तिला खांदा दिलाय मी."

हशा एकदम विरला. मामींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. सागर तोंड उघडं टाकून तसाच उभा.

सुभेदारांनी फोन उचलला. चष्मा नाकावर सरकवला, बोटानं बराच वेळ ते माइकचं चिन्ह शोधलं, दाबून धरलं आणि फोन तोंडाजवळ आणून, एरवी गल्ली हादरवणारा तो माणूस, एवढ्या मऊ आवाजात बोलला की आम्हाला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"इलियासच्या बाबा, खरं हाय बघ तुझं. सासू-सुनांचं आमच्याकडं बी असंच हाय."